दुसऱ्याचे फोटो

४ जून
वाशीमला आलो आणि लगेच रमलो. एमआरआय सेंटर नवंकोरं, खोली गारेगार, चहावाला दारातच. यंत्र मी चालवायचं. फोटो इंटरनेटवरून शहरातल्या डॉक्टरांकडे जातात, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हजर. नवा जावई असल्यासारखी माझी सरबराई चाललीय.

१२ जून
केनवडचे ग्यानबा आले. लघवी अडते, रक्ताच्या तपासणीत आकडा वाढलेला, म्हणून प्रोस्टेटचा फोटो. पाऊण तास न हलता पडायचं असतं. हातात रबरी फुगा दिला. त्रास झाला तर दाबा, बेल वाजेल, असं सांगितलं. म्हाताऱ्यानं चार वेळा दाबला, चारही वेळा लघवीसाठी. बाहेर सात पेशंट खोळंबलेले. मी वैतागलो आणि झालं म्हणून त्यांना उठवलं. हललेले, अर्धवट फोटो पुसले. काल आलेल्या दौलतसिंगांचे प्रोस्टेटचे चांगले फोटो ग्यानबांच्या नावावर चढवले. उद्या परत बोलावलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मालक बोलले असते. रिपोर्ट आला: गाठ नाही.

१९ जून
ग्यानबांची बायको लिलाबाई शेवग्याच्या शेंगा घेऊन आली. म्हणाली, फोटो चांगला निघाल्यापासून म्हातारा पोटभर जेवतो, पुढच्या तपासण्या नको म्हणतो. खरं सांगायला तोंड उघडलं आणि शेंगांबद्दल आभार मानले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ ऑगस्ट
टेबल रिकामं असताना बेल वाजली. वायर बदलली. तरी वाजली, चार वेळा.

२१ ऑगस्ट
एका बाईच्या गुडघ्याचा फोटो काढत होतो. पडद्यावर गुडघा नव्हता. प्रोस्टेट होती, डाव्या बाजूला काळा डाग. परत काढला, तर गुडघा. हललेल्या रेघांवरून ओळखला, तो फोटो ग्यानबांचा. मी पुसलेला.

१४ ऑक्टोबर
कुणालाही झोपवा, आधी तोच फोटो येतो. डाग वाढलाय, ग्रंथीबाहेर आलाय. केनवडला फोन लावला. लिलाबाईंचा आवाज ऐकला आणि कापला. भेकड आहे मी.

३ डिसेंबर
डाग मणक्यात. आज सांगायचंच म्हणून फोन केला. लिलाबाई म्हणाल्या, कंबर धरली होती, अकोल्याला नेलं, तिथं सगळीकडे पसरलेलं निघालं, परवा गेले. मग म्हणाल्या, "तुमचा फोटो तं चांगला होता ना जी. मंग असं काहून झालं?"
मी फोन कापला.

५ डिसेंबर
यंत्रापाशीच लिहितोय. यादीत पहिलं नाव ग्यानबा, केनवड. टेबलावर कुणी नाही. यंत्र आपोआप सुरू— बेल— आतल्या माइकमधून त्यांचाच आवाज, शांत.
"साहेब, घाई नोका करू. आता मी हालत नाई. माहाच फोटो काढजा."
फोटो येतोय, डागासकट. एक रेघ हललेली नाही. नावाच्या जागी ग्यानबा लिहितो, उमटतं माझं नाव. खोडलं. परत माझंच— खालून कळ आलीय, लघवीला जावं तर पाय हलत नाहीत— आणि टेबल बाहेर सरकतंय, माझ्याकडे—