नाकाची नोकरी

तीर्थस्वरूप आत्याबाई,

साष्टांग नमस्कार (पत्रातून घातला की गुडघे दुखत नाहीत). तुमचा मणका, मोतीबिंदू आणि शेजारीण, तिघांचीही चौकशी करतो. इकडे सगळं ठीक आहे, फक्त माझं नाक गेलंय. म्हणजे आहे जागेवरच, पण दोन महिन्यांपूर्वीच्या सर्दीपासून त्याला वास म्हणून येत नाही.

तुम्ही म्हणाल, नाही आला तर नाही आला. पण प्रयोगशाळेत मला पगार मिळतो तो हुंगण्याचाच. इथे वायूची गळती ओळखणारं यंत्र बनतंय. त्याच्या पोटात काचेची बशी, बशीत किड्याच्या जिवंत पेशी. (त्यांना ऊब लागते, खाऊ लागतो. मला नुसती खुर्ची.) वास आला की पेशी चमकतात आणि पडद्यावर एक ते दहामधला आकडा उमटतो. तो बरोबर आहे का, हे ठरवायला समोर मी. बाटलीतली हवा हुंगायची आणि आपला आकडा लिहायचा. नाक गेल्याचं सांगितलं तर नोकरीही जाणार, म्हणून मूग गिळून गप्प बसलो. पडदा माझ्याकडे पाठ करून असतो, पण यंत्रामागच्या कपाटाच्या काचेत दिसतो, तो बघून लिहू लागलो. आठ दिसले की नाक मुरडायचं, दहा दिसले की खुर्ची मागे सरकवायची. यंत्राचं आणि माझं शंभरात सत्त्याण्णव वेळा जुळलं. साहेब इतके खूश की माझ्या नाकाचा फोटो अहवालात छापला. (तुमची भाचेसून म्हणते, लग्नातही इतका चांगला आला नव्हता.)

काल यंत्र सांभाळणाऱ्या बाई चहा पिता पिता रडायला लागल्या. म्हणाल्या, "पेशी महिन्यापूर्वीच मेल्या हो. मी तुमच्या तोंडाकडे बघून आकडा टाकते." मी म्हटलं, "अहो, मी तुमचा आकडा बघून तोंड करतो." मग दोघांनी मिळून आकड्यांची वही पुन्हा तपासली. उरलेले तीन कसे चुकले, हे दोघांनाही कळेना.

सोमवारी कारखानेवाले यंत्र पारखायला येतायत. माझी पहिली सिगरेट तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून ओळखली होती. तेव्हा पाहुण्या म्हणून शेजारी येऊन बसा. थोडा वास आला तर खोका, जास्त आला तर रुमाल नाकाला लावा. पुढचं आम्ही निभावून नेऊ.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. : कारखाना कोणता ते आज कळलं. तुमचा धाकटा ज्या खोलीत वायूच्या टाक्या सांभाळतो, तिथेच हे यंत्र बसणार आहे. मला दरदरून घाम फुटला. दुसऱ्या कोणाचा मुलगा तिथे असता तर फुटला नसता, याची लाजही वाटली.

ता. क. २ : तुम्ही येऊ नका. साहेबांना सगळं सांगून आलो. ते म्हणाले, दोन्हीकडून काही चालत नसताना इतकं जुळतं, म्हणजे यंत्र भरवशाचंच आहे. म्हणून आता कारखानेवाल्यांच्या तोंडावरच सांगणार. नोकरी जाईल, तिच्याबरोबर मिळालेलं हे घरही. मंगळवारी आम्ही चौघं तुमच्याकडे येतोय, वरची खोली मोकळी करा. आणि सोमवारी धाकट्याला कारखानेवाल्यांबरोबर नक्की पाठवा. तो समोर नसेल, तर माझा काही भरवसा नाही.