सीट चार बोटं खाली

४ सप्टेंबर
आजपासून दादाची सायकल हातात घेतली. हॉस्पिटलमधून आमच्या खालच्या, तळमजल्यावरच्या घरी आल्यापासून तो दारातल्या खुर्चीत बसून समोरच्या पार्किंगकडे बघत असतो. डावी बाजू गेली म्हणून काय झालं? उजवी शाबूत आहे. आणि सायकल एकदा आली की आली, ती काय कोणी विसरतं? प्रश्न फक्त सीटचा आहे. दादा ताडमाड, त्यामुळे सीट पार वर. चार बोटं खाली घेतली की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पाय टेकले की भीती जाईल, भीती गेली की तोल येईल, तोल आला की दादा पहिल्यासारखा. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना हे सुचलं नाही याचं नवल वाटतं.

एक नट सैल करायचा आणि सीट खाली दाबायची. उद्या ऑफिसच्या आधी उरकून टाकतो.

५ सप्टेंबर
नट सैल झाला. सीट खाली गेली नाही. वरही आली नाही. सीटखालची दांडी फ्रेमच्या नळीत गच्च बसली आहे. मी सीटवर बसून उड्या मारून पाहिल्या. दादा बघत होता. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून हसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच. वहिनीला दाखवायला हाक मारली, पण ती आत चादरी धूत होती.

७ सप्टेंबर
फिजिओथेरपीच्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, हे सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे. रोज सकाळी दोघांनी दोन बाजूंनी धरून गेटपर्यंत चालवा, एकट्या वहिनींना ते झेपायचं नाही. मी म्हटलं, गेटचं काय घेऊन बसलात, थंडी पडायच्या आत तो सायकलवर असेल. त्यांनी पिशवी आवरायला घेतली. बहुधा पटलं असावं.

वहिनीला सांगितलं, चालवायचं मी बघतो, फक्त ही दांडी एकदा निघू दे. सकाळी मला एकच तास मिळतो. त्यात दोन कामं घुसडून दोन्हीची वाट लावण्यात अर्थ नाही.

९ सप्टेंबर
गंज सोडवायचा स्प्रे आणला. अख्खा डबा मारला. दादा खोकत होता, म्हणून वहिनीने खुर्ची आत ओढली. उद्या दांडी लोण्यासारखी निघणार.

१० सप्टेंबर
नाही निघाली.

१३ सप्टेंबर
मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्या माणसाने गाण्याच्या तालावर दांडी उपटून काढली. आधीच सैल करून ठेवली असणार, हे लोक काय वाटेल ते दाखवतात. तरी त्याची गरम करायची आयडिया घेतली. हिचा हेअर ड्रायर लावला. बराच वेळ लावला. ड्रायरमधून धूर आला. नंतर त्याच व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलेलं वाचलं की अॅल्युमिनियमची दांडी गरम केली तर फुगून आणखी घट्ट बसते. हे वर लिहायला काय झालं होतं?

मग उलटा प्रयोग. वहिनीच्या फ्रिजमधला सगळा बर्फ दांडीला बांधला. तो दादाच्या खांद्याला लावायला ठेवला होता म्हणे. बर्फच तो, उद्या पुन्हा होईल.

ही माझ्याशी बोलत नाही. ड्रायरवरून.

१९ सप्टेंबर
वहिनीने काल एकटीनेच दादाला चालवायचा प्रयत्न केला. दोघंही पॅसेजमध्ये बसली. पडलो नाही, बसलो, असं तीच म्हणाली. शेजारच्यांनी उठवलं. मी तिच्यावर जरा रागावलोच. म्हटलं, एवढी घाई कशाला, मी म्हटलंय ना बघतो म्हणून. वहिनीवर आवाज चढवणं बरं दिसत नाही, पण या घरात कोणीतरी डोकं शांत ठेवायला हवं.

तिने विचारलं, मग उद्यापासून येता का भाऊजी. मी म्हटलं, येतोच आहे की रोज.

२६ सप्टेंबर
हातोडी. दहा-बारा दणक्यांनंतर सीट मोडून बाजूला पडली. दांडी जागच्या जागी. पण सीट निघाली, म्हणजे निम्मं काम झालं असं म्हणायला हरकत नाही.

दादाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्याला एकेक शब्द गोळा करावा लागतो. बऱ्याच वेळाने म्हणाला, तू, ऑफिसला, जा. माझ्या लेटमार्कची काळजी अजून त्यालाच.

९ ऑक्टोबर
प्लंबरकडून मोठा पाइप पाना मागून आणला. दांडीचं वरचं टोक चेपलं. सध्या पान्याला पकडायलाही काही उरलेलं नाही. हातही सोलवटले. दोन दिवस विश्रांती.

१० ऑक्टोबर
ही बोलायला लागली, आणि बोलली ते असं. म्हणाली, तुला दादांना हात लावायची भीती वाटते, म्हणून तू त्या दांडीला धरून बसलायस.

काहीतरीच. लहानपणी त्याच्याच खांद्यावर बसून मी अख्खं गाव फिरलोय. त्याला घाबरेन कशाला? हॉस्पिटलात एकदा त्याला उठवताना त्याचा डावा हात माझ्या हातातून सुटला आणि तसाच लोंबत राहिला. तो माझ्याकडे बघत होता, आणि हात आपला नसल्यासारखा लोंबत होता. तेवढंच. त्याचा दांडीशी काय संबंध? बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

विश्रांती रद्द. उद्यापासून पुन्हा.

२४ ऑक्टोबर
ऑफिसात ऑडिट. पंधरवडाभर पान्याला हात लावता आला नाही. साहजिकच खालीही जाणं झालं नाही.

२ नोव्हेंबर
फिजिओच्या बाईंनी वहिनीला सांगितलं की आता जेवढं आलंय तेवढं आलं, यापुढे आहे ते जाऊ नये एवढंच बघायचं. महिन्यातून एकदा येईन म्हणाल्या. म्हणजे सुधारणा आहे. नाहीतर रोज येते म्हणाल्या असत्या. वहिनीला हे समजावून सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग स्वयंपाकघरात गेली. हल्ली तिच्याशी चांगलं काही बोलायची सोय नाही.

८ नोव्हेंबर
निघाली!

सायकल वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये नेली. दांडी टेबलावरच्या शिकंज्यात आवळली आणि तिथल्या माणसाने आणि मी मिळून सगळी फ्रेमच गोल फिरवली. असा कर्कश आवाज झाला की रस्त्यावरचे लोक थांबले. आतून पांढरी भुकटी पडली. नवीन दांडी, नवीन सीट, भरपूर ग्रीस. बरोबर चार बोटं खाली. येताना सायकल हातात धरून चालत आलो, तिच्यावर पहिला मान दादाचा.

उद्या रविवार. हिलाही खाली बोलावलं आहे.

९ नोव्हेंबर
लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

वहिनीने आणि मी दादाला सीटवर बसवलं. ही हँडल धरून उभी होती. पाय टेकले. माझा हिशेब चुकला नव्हता, दोन्ही पाय टेकले. मग मी त्याचा डावा पाय पेडलवर ठेवला. घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. मी म्हटलं, पट्टा लावू, बांधू, कितीतरी उपाय आहेत. दादा हँडलवरच्या स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता. वहिनीने तो तिथे ठेवला होता. म्हणाला, उतरव.

मी त्याला काखेत धरून उतरवायला गेलो. वहिनी म्हणाली, भाऊजी, तिथे नका धरू, खांदा निखळतो, कमरेला धरा. मी कमरेला धरलं. त्याचा सगळा भार माझ्यावर आला आणि डोकं माझ्या खांद्यावर पडलं. किती हलका झालाय तो. ताडमाड माणूस, आणि नुसती हाडं. मला कल्पनाच नव्हती. मी त्याला असं धरलंच नव्हतं आजवर. वहिनीला मात्र कुठे धरायचं, कुठे नाही, सगळं पाठ आहे.

मला फार वाईट वाटलं. रडू आलं. हिने बघितलं.

खुर्चीत बसल्यावर दादाने एकेक शब्द गोळा करून विचारलं, उद्या, गेटपर्यंत, जायचं का? मी म्हटलं, उद्या सहाला येतो, मग रोजच. अगदी मनापासून म्हटलं.

१० नोव्हेंबर
रात्री विचारांनी झोप लागली नाही, त्यामुळे सकाळी जाग आली नाही. दांडीसाठी न चुकता जाग यायची, आज कशी आली नाही कोण जाणे. हिनेही उठवलं नाही.

खाली गेलो तेव्हा दादा खुर्चीत बसला होता. अंगात बाहेर जायचा शर्ट, पायात बूट. डाव्या बुटाची नाडी दोनदा गाठ मारून बांधलेली. वहिनी म्हणाली, सहाच्या आधीपासून बसलेत.

मी म्हटलं, दादा, आज उशीर झाला, उद्यापासून नक्की. तो म्हणाला, जा, बस चुकेल.

गेलो. बस चुकलीच. पुढची येईपर्यंत अर्धा तास स्टॉपवर नुसता उभा होतो.