समुद्र तुम्ही त्याला दाखवलात

अण्णा, ज्या वाटेनं तुम्ही त्याला नेलं होतं, ती वाट मी परवा चालून आले. घरी येऊन अजून कुणाला नीट काही सांगितलेलं नाही. लिंबागणेशला, सासरी, पाय ठेवल्यापासून जो तो विचारतोय, कसा होता समुद्र, आणि मी म्हणते, मोठा होता. बूट अंगणात उन्हाला ठेवलेत, त्यांच्या तळाला तिकडची तांबडी माती आहे. तो म्हणजे तुमचा शागीर्द, हे तुम्हाला सांगायला नको. त्याचं नाव लिहायचं आजही माझ्या जिवावर येतं.

तेलगावच्या फाट्यावरचा आपला फोटो स्टुडिओ मला आठवतो तो पडद्यापासून. मागच्या भिंतीवर रंगवलेला समुद्र, दोन नारळाची झाडं, एक शिडाची होडी. आजूबाजूच्या गावातलं कितीतरी माणूस त्या समुद्रासमोर ताठ उभं राहून गेलं, आणि त्यातल्या कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. तुम्हीही नाही. मी शाळेतून आले की दप्तर टाकून थेट डार्करूममध्ये जायची. लाल दिव्याखाली ट्रे हलवत बसायची. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं नवरीच्या गालावरचे वांग घालवायची. ते काम माझ्यासारखं कुणाला जमत नाही, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात. मला कधी सांगितलं नाहीत. मग उमापूरहून तो आला, दहावी नापास होऊन, माझ्याच वयाचा. त्याला रोल भरता येत नव्हता. दोन लग्नांचे रोल त्यानं उजेडात उघडून घालवले, तरी तुम्ही आवाज चढवला नाहीत. त्याच्या मागं उभं राहून, त्याच्या हातावर हात ठेवून तुम्ही त्याला फिरकी कशी फिरवायची ते शिकवत होता, आणि मी दाराच्या फटीतून बघत होते.

एकदा तुम्ही जेवायला गेला होता आणि ऊसतोडीला निघालेलं एक नवं जोडपं फोटोला आलं. त्यांची गाडी उभी होती, थांबायला वेळ नव्हता. मी काढला फोटो. ती बाई हसावी म्हणून काय काय बोलले ते आठवत नाही, पण ती हसली, आणि नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं, त्याच वेळी मी बटण दाबलं. तुम्ही आलात, कळल्यावर एवढंच म्हणालात, "कॅमेऱ्याला हात लावायचं तुझं काम न्हाई. आत बस." तो फोटो मात्र तुम्ही मोठा करून बाहेरच्या काचेत लावलात. लोक थांबून बघायचे आणि फोटो त्याचाच समजून त्याला म्हणायचे, तयार झालास की रे. तो गप्प राहायचा. तुम्हीही गप्प राहायचात.

पडदा ज्यानं रंगवला त्यानं समुद्र बघितला नव्हता, आपण बघितला नाही, एकदा बघून यायला पाहिजे, हे तुम्ही बरीच वर्षं म्हणत होता. त्या साली दिवाळी झाली आणि लग्नसराई सुरू व्हायच्या आधी तुम्ही खरंच ठरवलंत. रत्नागिरीच्या खाली तुमच्या ओळखीचं कुणीतरी होतं. मी धरून चालले होते की आपण तिघं जाणार. रोल ठेवायला मी जाड कापडाची पिशवी शिवली, तिला आतून कप्पे केले. आई म्हणाली, तरण्या पोरीला घेऊन कुठं हिंडणार, लोक काय म्हणतील. तिचं मला फारसं वाईट वाटलं नाही, ती तसं म्हणणारच होती. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पिशवीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, चांगली झाली म्हणालात, आणि मग म्हणालात, "दुकान कोण बघंल, माय? तू हायस म्हणून तर मी निघालो." पिशवी तुम्ही त्याच्या खांद्याला अडकवलीत.

तुम्ही आलात तेव्हा दोघंही काळवंडून गेला होता आणि दोघांच्या बोलण्यात मला न कळणारे शब्द होते. सडा, कडा, भरती. रोल धुवायचं काम अर्थात माझं. डेव्हलपरमध्ये कागद सोडला की आधी काळं उमटतं, मग हळूहळू बाकीचं. त्यानं काढलेल्या एका फोटोत तुम्ही उमटलात. डोंगराचं टोक समुद्रात घुसलंय, त्याच्यावर तुम्ही उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केस वाऱ्यानं उभे, आणि तोंड उघडून हसताय. पुढचा पडलेला दात दिसू नये म्हणून तुम्ही हसताना तोंडावर हात धरायचात, आमच्यासमोरसुद्धा. त्या फोटोत हात नव्हता. मी तो कागद ट्रेमध्ये हलवत राहिले. असं तुम्हाला हसताना त्यानं बघितलं होतं, मी नाही.

माझ्यासाठी तुम्ही कोकमाच्या सरबताची बाटली आणली होती. पुढच्याच महिन्यात नवा कॅमेरा घेतलात आणि जुना, वरून मान खाली घालून बघायचा तो दोन भिंगांचा, त्याला देऊन टाकलात. मी जेवले नाही. तेव्हा तुम्ही ताटाशी येऊन बसलात. "कावून रुसलीस? तू उद्या लग्न होऊन जाशील. सासरी कॅमेरा घेऊन काय करशील, माय?" तुमच्या आवाजात कसलाही राग नव्हता, खरंच प्रश्न पडल्यासारखं विचारलंत. लग्न होऊन मी गेलेच.

तुम्ही गेलात तेव्हा मुलगा नाही म्हणून मडकं त्याच्या खांद्यावर आलं. मी बायकांत मागं उभी होते. तो ढसाढसा रडत होता, लोक त्याला जवळ घेत होते, आणि मला रडूच येईना. पुढं त्यानं तेलगाव सोडलं, कोकणात जाऊन राहिला. हॉटेलांसाठी फोटो काढायचा. आता पुण्या-मुंबईच्या लोकांना कॅमेरे घेऊन समुद्राकाठच्या कड्यांवरून फिरवतो. स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. माझ्या पोरानं मला पन्नाशी उलटल्यावर एक कॅमेरा आणून दिला. मी शेतातले, देवळापुढचे, शेजारच्या लेकरांचे फोटो काढते. एका लग्नात तुमचा शागीर्द भेटला. मला बघून खाली वाकून पाया पडला, ताई, एकदा तिकडं या, म्हणाला. मी हो हो म्हणून विषय बदलला, आणि घरी येऊन कितीतरी दिवस दुसरा कसलाच विचार सुचला नाही. शेवटी एसटीत बसले. या वयात कसला समुद्र, असं म्हणत म्हणत तुमच्या जावयांनीच मला बीडच्या स्टँडवर सोडलं.

अण्णा, तो सडा मी बघितला. जांभ्या दगडाचं उघडं पठार, वर गुडघाभर पिवळं गवत, आणि चालता चालता एकदम पुढं जमीनच नाही. खाली पाणी आपटतंय. एक टोक चढून उतरलं की वाळूची छोटीशी पुळण, तिथं होड्या ओढून ठेवलेल्या, मग पुढचं टोक. वाट एका ठिकाणी एवढी अरुंद की डाव्या हाताला दगड धरूनच जावं लागतं. त्याचा गुडघा दुखतो, तो काठी टेकत सगळ्यांच्या पुढं चालत होता आणि थांबून थांबून तुमच्या गोष्टी सांगत होता. माझे उस्ताद इथं घाबरून चार पायांवर चालले. माझे उस्ताद इथं बसून गाणं म्हणाले. पुण्याच्या बायका माना डोलवत होत्या. तुम्ही गाणं म्हणत होता हे मला ठाऊक नव्हतं. मी तुमची मुलगी आहे हे त्यानं त्यांना सांगितलं तेव्हा एकीनं कौतुकानं विचारलं, मग तुम्हीही आला असाल ना त्यांच्याबरोबर? मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी खेळत राहिले.

तुमचा तो फोटो काढलेल्या टोकावर बाकीचे पुढं गेले आणि आम्ही दोघंच उरलो. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते मी विचारलं. त्या दिवशी अण्णा माझ्याबद्दल काही बोलले होते का? अण्णा, तो खोटं बोलू शकला असता. एक वाक्य, आणि मी ते आयुष्यभर उराशी धरलं असतं. त्यानं काठीनं दगडावरची माती उकरली.

"न्हाई, ताई. खोटं कावून बोलू. तुमचं न्हाई, काकूंचं न्हाई, दुकानाचंबी न्हाई. मीच एकदा म्हणलो, ताईला आणाय पायजे होतं. तर म्हणले, आज राहू दे बे ते सगळं. नुसतं बघ."

मी परत फिरले. त्या दिवशी पुढचा एकही फोटो काढला नाही. तुम्ही मला कुणासमोर तरी गुपचूप वाखाणलं असेल, अशी एक जागा मी मनात रिकामी ठेवली होती. आणि माझी आठवण त्यानं काढली होती, तुम्ही नाही. त्याचा मला जास्तच राग आला. ते ‘बे’सुद्धा टोचलं. आमच्याशी तुम्ही कधी तसे बोलला नाहीत, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरवून मी पिशवी भरली होती. पण गाडीला वेळ होता, म्हणून कुणाला न सांगता कॅमेरा घेऊन पुन्हा वर गेले. गवत दवानं ओलं होतं. अरुंद जागेवर मी दगड धरला आणि पुढं गेले. एका टोकाशी एक मोठा पक्षी माझ्या पायाखालच्या हवेत तरंगत होता, मला त्याची पाठ दिसत होती. खाली एक बाई कालवांचे शिंपले काढत खडकांवर वाकली होती, लाट आली की उठायची, गेली की पुन्हा वाकायची. मी पोटावर आडवी झाले आणि तिची उठायची वेळ धरत बसले. मग पुढचं टोक दिसलं म्हणून पुढं गेले, आणि त्याच्या पुढचं. गाडी केव्हा गेली कळलं नाही. परतले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि तो वाटेच्या तोंडाशी दगडावर बसला होता, चेहरा उतरलेला. कुठं गेलता, ताई, म्हणाला. फिरायला, म्हणाले. फोटो बघू का विचारलं, तेव्हा मी कॅमेरा दिला. त्यानं त्या बाईचा फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि कॅमेरा दोन्ही हातांनी परत दिला.

त्याचा हेवा अजून गेलेला नाही, अण्णा. ती सकाळ त्याला तरुणपणी मिळाली आणि मला आत्ता, गुडघे बोलायला लागल्यावर. त्याला ती तुमच्याबरोबर मिळाली. हे मी त्याला कधी म्हणणार नाही आणि हा कागदही कुठं जायचा नाही, म्हणून एक तुम्हालाच सांगते. खाली उतरताना त्यानं मला विचारलं, "उस्तादची लई आठवण आली असंल ना, ताई, वर?" मी हो म्हणाले. आली नव्हती. सबंध सकाळभर एकदाही आली नव्हती.