मी एकटाच उभा होतो

प्रिय इक्रा,

पत्र बघून दचकू नकोस, तुझा अब्बा ठणठणीत आहे. अक्षर मात्र कोंबडी चालून गेल्यासारखं आलंय. श्रीवर्धनची मराठी शाळा सोडल्यापासून गॅरेजच्या जॉबकार्डाशिवाय मी काही लिहिलेलंच नाही, तेव्हा चालवून घे. तीन शुक्रवार झाले, तुझा फोन नाही. जुम्याची नमाज झाली की नेहमीसारखा गाडीत एसी लावून बसतो, फोन समोर ठेवतो आणि वाट बघतो. मी केला तर तू उचलत नाहीस, आणि मेसेजला 'ठीक आहे' एवढंच उत्तर. तू रागावलीस की कामात आहेस की आणखी काही, माझं डोकंच चालेनासं झालंय.

गेल्या शुक्रवारी असाच बसलो होतो, तेवढ्यात इद्रीसने काचेवर टकटक केली. इद्रीस म्हणजे इथे आखातात, राई नावाच्या गॅरेजवस्तीत माझ्याबरोबर काम करणारा, तुझ्या लग्नात बिर्याणीवर नजर ठेवून उभा होता तो. त्याची तबस्सुम आता दहावीला आहे आणि तिच्या शाळेत विज्ञानाचा मेळा होता, रोजच्या जगण्यात विज्ञान कुठे कुठे असतं ते दाखवणारा. मी म्हटलं मला कशाला, तर ऐकेना. गेलो ते बरंच झालं, असं पहिला अर्धा तास वाटलं. एका पोराने समुद्राचं खारं पाणी गोडं करून दाखवलं. सव्वीस वर्षं हेच पाणी पितोय, पण ते नळापर्यंत कसं येतं हे मला त्या दिवशी कळलं. उन्हात बंद गाडी किती तापते तेही एकीने मांडलं होतं. ते मात्र मला कुणी शिकवायला नको.

मग तबस्सुमचा स्टॉल. तिने सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं की लॅपटॉपमधून एक आवाज येईल, तो शिट्टीसारखा बारीक बारीक होत जाईल, ज्याला ऐकू येईनासा होईल त्याने खाली बसायचं. आता तुला ठाऊक आहे, माझ्या कानाची राईत किती वट आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगतो. मशीन नंतर तेच सांगतं. असला माणूस पहिला खाली कसा बसणार? खरं तर आवाज मला लवकरच येईनासा झाला होता. पण माझ्यापेक्षा म्हातारा एकजण उभा होता, म्हणून मीही उभा. तो बसला, तर पोरं उभी होती, म्हणून मीही मान डोलवत उभा. शेवटी पोरंही बसली आणि मी एकटाच राहिलो. तबस्सुम हळूच म्हणाली, "अंकल, मैंने तो कब का बंद कर दिया." हात दाखवून अवलक्षण ते हेच. सगळा हॉल हसला, इद्रीससुद्धा.

पोरगी गुणी. नंतर मला बाजूला बसवून तिने समजावलं. वर्षानुवर्षं दणदणाटात काम केलं की कान सगळाच्या सगळा जात नाही, आधी बारीक आवाज जातात. इंजिनाची घरघर राहते. बोलण्यातले स, फ, त असले आवाज बारीक असतात, ते गळतात. मग माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही, आणि फोनवर तर जास्तच. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एका जीपला स्क्रूड्रायव्हर लावला. बेअरिंग खराब होतं, मी अचूक सांगितलं. आता तूच सांग, लोखंडाचं दुखणं कळणाऱ्या कानाला बहिरा म्हणायचं तरी कसं? दोन दिवस मी याच गोंधळात होतो.

मग तुझी अम्मी आठवली. ती होती तेव्हा तुझा फोन ठेवला की ती मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची, इक्रा हे म्हणाली, इक्रा ते म्हणाली. मी चिडायचो. शरीफा, मी इथेच बसलो होतो ना, म्हणायचो. मला वाटायचं, तिला बोलायची हौस. ती गेल्याला तीन वर्षं झाली, बेटा. तेव्हापासून दर शुक्रवारी मी तुझ्या आवाजाच्या चढउतारावर 'हो', 'छान', 'अल्लाह भलं करो' म्हणत आलोय. खोटं बोलत नव्हतो. कळतंय असंच मला वाटायचं, आणि जे कळायचं नाही त्याचं खापर मी नेटवर्कवर फोडायचो.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. शेवटच्या फोनवर तू वीस मिनिटं बोललीस, अगदी हळू. सर्फराजचं नाव दोनदा आल्यासारखं वाटलं, बाकी काही नाही. मग तुझा आवाज तुटक तुटक यायला लागला. मला वाटलं तू हसतेस, म्हणून मीही मोठ्याने हसलो आणि म्हणालो, छान झालं, तुझी अम्मी असती तर खूश झाली असती. तू फोन ठेवलास. इक्रा, तू हसत होतीस की रडत होतीस? मला खरंच ऐकू आलं नव्हतं. आमच्या गॅरेजातला फैसल गुरुवारी गावी निघालाय. हे पत्र तो महाडला तुझ्याच हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि उत्तरासाठी थांबेल. त्या दिवशी जे सांगितलंस ते सगळं लिहून दे, मोठ्या अक्षरात. यायचं असेल तर ये, बोलवायचं असेल तर मी येतो. पत्राच्या शेवटी जावयाला सलाम लिहायची रीत आहे, पण सर्फराजला सलाम लिहायचा की नाही, हेही मला तुझं उत्तर आल्यावरच कळेल.

तुझाच,
अब्बा