परतीची सही

कवठे महांकाळ,
गुरुवार दुपार

प्रिय धनाजी,

मी पत्र लिहितोय म्हटल्यावर तू हसशील. लाईटबिलाच्या पाठीवर निरोप खरडणारा माणूस मी! पण गड्या, फोनवर आपलं काय झालं ते तुला ठाऊकच आहे.

माळावरच्या वस्तीला आता दिवसा वीज मिळते. तू ओढलेल्या तारा पार बेदाण्याच्या शेडपर्यंत गेल्यात. रंगूबाई उजेडात द्राक्षांना पाणी देते आणि तुझं नाव काढते. फक्त रोज अकरा वाजून वीस मिनिटांनी फीडर ट्रिप होतो, सगळ्या वस्तीची वीज जाते. विश्रामबागेतल्या ऑफिसातून साहेब आले, खांब न् खांब तपासला, दोष सापडला नाही. मी सबस्टेशनात अकरापासूनच घड्याळाकडे बघत बसतो.

सबस्टेशनातला आपला जुना फोन आठवतो? वायर गुंडाळून तो कपाटात टाकलाय. फीडर पडला की तो वाजतो. परवा माझ्या जोडीच्या पप्पूनंही ऐकला आणि हातातला चहा सांडला. मला लय भीती वाटते, तरी उचलतो. तुझाच आवाज, मागे माळावरचा वारा, पण आता वाक्य पुरं येतं. “भाऊसो, लाईन सोडू नगं रं.”

त्या दिवशी अकरा वीसलाच ते मध्येच तुटलं. मला नुसतं ‘लाईन सोड’ ऐकू आलं, म्हणजे वीज चालू कर. नव्या लाईनच्या उद्घाटनाचा मांडव, पाहुणे, सगळे खोळंबलेले. लाईन बंद ठेवायचं परमिट घेऊन खांबावर चढलेला माणूस स्वतः येऊन वहीत परतीची सही करत नाही, तोवर लाईन चालू करायची नाही, हे मला तूच शिकवलं होतंस. मी चालू केली. तू अजून वरच होतास.

चौकशीत ठरलं की तू परमिट परत केलंस आणि बेफिकिरीनं पुन्हा चढलास. वहीत तुझी सही होती ना. संयोगितावहिनी चार वर्षं लोकांची बोलणी खाली मान घालून ऐकतात, आणि बैलांच्या सणाला, बेंदराला, न चुकता मला पुरणपोळीचं ताट पाठवतात. तो घास गिळताना माझं काय होतं, ते कुणाला सांगू?

धनाजी, ती सही मी केली. तुला खांबावरून उतरवायच्या आधीच केली, ‘ध’च्या शेपटीसकट. आज सकाळी वही उघडली, तर तो रकाना कोरा आहे. शाईचा ठिपकासुद्धा नाही. उद्या वही घेऊन आधी वहिनींकडे, मग पोलीस ठाण्यात जातोय. तुझ्या जागी आता माझी सही असेल, माझ्याच नावाची. हे पत्र त्याच पानात ठेवतो. चार वर्षं झाली वर थांबून. आता उतर रं.

तुझाच,
भाऊसो