आण्णांची दुसरी जर्सी

कोल्हापूर,
९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,

अनुजाचा नमस्कार. घरी सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र प्रियदर्शनीवहिनीच्या हाती देते. रागवायचं तर माझ्यावर रागाव, त्या बिचारीवर नको.

आपल्या पेठांतल्या तालीम-संघांच्या फुटबॉलवरचा तो जुना माहितीपट मी दोन महिने शोधत होते. आईला बघायचा होता. आण्णांची चिखलाची जर्सी तिने वीस वर्षं धुतली, पण बायकांनी मैदानावर जायचं नाही म्हणून त्यांचा एकही सामना पाहिला नाही. आता आण्णाही नाहीत. नेटवर होता तो गायब झालेला. टीव्हीवरची सगळी ॲप पालथी घातली. तिथे अख्ख्या जगाचा फुटबॉल आहे, आपलाच तेवढा नाही.

शेवटी पन्हाळ्याला गेले, ज्यांनी तो चित्रित केला त्या गैबीचाचांकडे. म्हणाले, "ताई, नेटवरनं काढायला तुमच्या दादानंच लावलं की! तालमीचं अध्यक्ष झाल्यावर आलतं माझ्याकडं." माझी मान खाली गेली. त्यांनी पेनड्राइव्ह हातावर ठेवला.

कारण मला ठाऊक आहे. त्यात आण्णा पलीकडच्या पेठेच्या जर्सीत आहेत आणि आपल्याच तालमीवर गोल मारतात. मारला, बरं केलं! वय झालं म्हणून आपल्याच लोकांनी त्यांना वर्षभर बाकावर बसवलं होतं. त्यात झाकण्यासारखं काय आहे?

काल दुपारी घरी लावला. आई टीव्हीला नाक लावून उभी. "अगं बया, ह्ये एवढं पळत हुतं व्हय!" म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. चार वेळा लावायला लावला.

येत्या रविवारी चार वाजता गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलंय. वहिनीही येणार आहे. अध्यक्ष म्हणून अडवायचं असेल तर खुशाल ये. पण "बंद कर" हे मला नाही, आईला सांगायचं.

आणखी एक. हे कुणालाच कधी बोलले नाही. त्या गोलाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत पोरी चिडवायला लागल्या, तेव्हा मी म्हणाले, ते माझे वडीलच नव्हेत. आण्णा मला न्यायला फाटकाशी आले होते. त्यांनी ऐकलं. घरापर्यंत माझं दप्तर त्यांनीच आणलं.

तेव्हा तुला शहाणपण शिकवायचा हक्क मला नाही. तरी रविवारी टीव्ही लागणार म्हणजे लागणार.

केरबाआण्णांची मुलगी,
अनुजा