गाडी कोण चालवत होतं?

मंगळ. ४ नोव्हें.
घोळ झाला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यांमागचा रस्ता मोकळा असतो, म्हणून भावजी तिथं शिकवतात. रिव्हर्स घेताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. लाइटचा खांब. मागचा दिवा फुटला, डिकी आत गेली. थोड्या वेळापूर्वी तिथूनच सायकलवाले कामगार गेले होते. ते जर...

बुध. ५
यांनी डिकी बघितली, किल्ली खिशात घातली. ओरडले असते तर बरं.
१८ला आरटीओची टेस्ट, याच गाडीवर. त्याआधी दुरुस्ती व्हायला हवी. भावजी म्हणाले, "इन्शुरन्सवाल्यांना मी चालवत होतो म्हणून सांगा की, वैनी. शिकाऊ म्हटलं की क्लेम नाकारतेत." यांचंही तेच, "त्याचंच नाव घाल."
उन्हाळ्यात सासूबाईंना चक्कर आली. हे चिंचोळीला ड्युटीवर, भावजी गावाला. गाडी दारात आणि चालवणारं कोणी नाही. तेव्हा ठरवलं होतं शिकायचं. आता क्लेम नाकारला तर हे परत किल्ली देतील?

शुक्र. ७
फॉर्म भरला. चालकाच्या रकान्यात माझं नाव. लर्निंग लायसनची झेरॉक्स जोडली.
भावजी : "लई अवघड बाई हाय तुमी." पण तासाभरानं स्वतःच्या लायसनची झेरॉक्स आणून दिली.

सोम. १०
इन्शुरन्सचा सर्व्हेअर गॅरेजवर आला. थेट मलाच, "मॅडम, शेजारी कोण होतं?"
"दीर."
"त्यांचं लायसन चालू आहे ना? गाडीला एल लावला होता?"
दोन्हीला हो. कागद बघितले, फोटो काढले. "मग घाबरताय कशाला? शिकणाऱ्यालाही इन्शुरन्स लागू असतो. दुसऱ्याचं नाव घातलं असतं तर अडकला असता."
भावजी मोबाइलमध्ये बघत बसले.

शुक्र. १४
क्लेम मंजूर! स्वयंपाकघरात जाऊन रडले थोडी. कशाला, कळलं नाही. हे आत आले, म्हणाले, "चहा टाकू का?" लग्नाला बावीस वर्षं झाली. पहिल्यांदाच. साखर जास्त पडली होती. प्याले सगळा.

मंगळ. १८
गाडी काल मिळाली, आज टेस्ट. रिव्हर्सला पाय ब्रेकवरच होता. साहेब एवढंच म्हणाले, "निकाल मोबाइलवर येईल." अजून नाही आला.
येताना मीच चालवली. भावजी शेजारी गाढ झोपले, तोंड उघडं. सात रस्ता चौकात मागचे सगळे हॉर्न मारत होते. उठवलं नाही.